सात किलोचा दाब

दर तीन महिन्यांनी तपासणी केंद्रात एक यादी येते. यादीत नावं नसतात, नुसते आकडे असतात. प्रत्येक आकडा म्हणजे एक बाई. तिनं इथे येऊन मॅमोग्राफी करून घेतलेली असते, 'संशयास्पद काही आढळलं नाही' असं पत्र तिच्या घरी गेलेलं असतं, आणि दोन वर्षांनी येणारी पुढची तारीख उजाडायच्या आतच तिच्या स्तनात कर्करोग निघालेला असतो. केंद्रातली माणसं या यादीला 'परत आलेल्या' म्हणतात. खरं तर त्या परत आलेल्या नसतात. बहुतेकजणी दुसऱ्याच कुठल्या तरी इस्पितळात गेलेल्या असतात. परत येतो तो फक्त त्यांचा आकडा.

या वेळी यादीत नऊ आकडे होते. सहावा होता चौरेचाळीस सतरा.

यादी हातात घेतलेली तंत्रज्ञ खुर्चीवर बसली. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. केंद्रात ती अठरा वर्षं फिल्म काढत होती. आता सगळं पडद्यावर दिसतं, फिल्म अशी हातात धरायची वस्तू राहिलेली नाही, पण शब्द टिकून आहे. अठरा वर्षांत हजारो आकडे तिच्या डोळ्यांखालून गेले आणि त्यातला एकही तिच्या लक्षात राहिला नव्हता. चौरेचाळीस सतरा मात्र पाठ होता. तो तिच्या ताईचा होता.

"नऊच का? गेल्या खेपेला बारा होत्या," शेजारच्या टेबलावरून घाई म्हणाली. घाई म्हणजे तिची जोडीदारीण. कुठलंही काम ती मागे कुत्रं लागल्यासारखं करायची, म्हणून हे नाव. तपासायला आलेल्या बायका तिच्याबद्दल नेहमी कुरकुर करत. "त्या दुसऱ्या बाईंचा हात किती हलका," असं म्हणून त्या धाकटीच्या खोलीबाहेर थांबायला तयार असायच्या.

"नऊ," धाकटी म्हणाली, आणि तिनं यादी टेबलावर पालथी घातली.

ताईला आजार निघून सहा महिने झाले होते. आकडा आज ना उद्या येणार हे धाकटीला माहीत होतं. तरी तो छापलेला पाहिल्यावर तिला गार पाण्यात पाय पडल्यासारखं झालं.

*

त्या फिल्मची गोष्ट अशी.

दीड वर्षापूर्वी ताई केंद्रात आली ती रागातच. ती प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. एक्कावन्न वर्षांची होती, तरी एकदाही तपासणी केलेली नव्हती. धाकटी चार वर्षं तिच्या मागे लागली होती.

"आले बाई एकदाची," ताई म्हणाली. "आता काय ते उरकून टाक. मला पाचव्या तासाला पोहोचायचंय."

"घाई आहे ना, ती काढेल."

"कोण घाई?"

"माझी जोडीदारीण. आपल्या घरच्यांची फिल्म आपण काढायची नाही, असा इथला नियम आहे ताई."

"मग तुझा नियम तुझ्यापाशी ठेव. परक्या बाईपुढे मी झंपर काढणार नाही. तू काढतेस तर काढ, नाहीतर ही मी चालले."

आणि ती खरंच दाराकडे वळली. धाकटीनं ओळखलं, ही आज गेली तर पुन्हा चार वर्षं येणार नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं. घाई चहाला गेली होती. धाकटीनं ताईचा दंड धरला आणि तिला आत घेतलं.

हा नियम कुणी तरी उगाच केलेला नव्हता. मॅमोग्राफीत स्तन एका सपाट बैठकीवर ठेवतात आणि वरून पारदर्शक पाटी खाली आणून तो दाबतात. दाबला की तो पसरतो, आतले पदर एकमेकांवरून बाजूला होतात, आणि लहानशी गाठही लपून राहू शकत नाही. दाबण्याआधी तंत्रज्ञ बाईनं स्तन हातात घेऊन, छातीच्या भिंतीपासून ओढून, जेवढा येईल तेवढा पुढे आणायचा असतो. जे पुढे येत नाही ते चित्रात येत नाही. पूर्ण आलं की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. चित्राच्या मागच्या कडेला छातीच्या स्नायूची तिरकी पट्टी दिसते. ती स्तनाग्राच्या पातळीपर्यंत खाली उतरलेली असली पाहिजे. अर्ध्यातच संपली तर समजावं, मागचं काही तरी बाहेर राहिलं.

या ओढण्या-दाबण्यानं दुखतं. काही बायकांना थोडं, काहींना फार. परक्या बाईनं "आई गं" म्हटलं की तंत्रज्ञ म्हणते, "झालं, झालं, एवढंच," आणि दाब कमी करत नाही. पण ते "आई गं" घरच्या माणसाचं असलं की हात आपोआप ढिला पडतो. नियम त्याकरता होता.

"मेले!" ताई ओरडली. "अगं शेपटे, जीव घेतेस की काय माझा?"

लहानपणी धाकटी ताईच्या दप्तराचा पट्टा धरून शाळेत जायची. तेव्हापासून ताई तिला शेपूट म्हणायची. सदतीस वर्षं झाली तरी ते सुटलं नव्हतं.

"हलू नकोस. श्वास धर."

"कसा धरू? निघून चाललाय! हळू दाब ना गं. आई असती तर तुझ्या थोबाडीत दिली असती."

धाकटीला हसू आलं. हसता हसता तिनं पायाखालच्या पेडलवरचा पाय काढला. एरवी ती बारा-तेरा किलोपर्यंत दाब नेत असे. ताईच्या डाव्या बाजूच्या फिल्मवर, कोपऱ्यात, यंत्रानं आकडा उमटवला होता : सात.

पडद्यावर चित्र आलं. स्नायूची पट्टी वरून निघून अर्ध्या वाटेतच संपली होती. धाकटीनं ते पाहिलं. तिला ते दिसलं, कळलं, आणि पुन्हा काढायला हवं हेही कळलं. तोवर ताई झंपराचे हूक लावून उभी होती.

"झालं ना? पाचवा तास आहे माझा. पोरं वर्ग डोक्यावर घेतील."

फिल्म काढणाऱ्यानं प्रत्येक चित्राखाली स्वतःच शेरा द्यायचा असतो : उत्तम, चांगलं, चालेल, पुन्हा काढावं. धाकटीनं 'चांगलं' वर खूण केली आणि खाली स्वतःची आद्याक्षरं घातली. एका बाईच्या दोन्ही बाजूंची चार चित्रं असतात. बाकीची तीन खरोखरच चांगली होती. चौथ्यात असं काय जाणार आहे, असा विचार तिनं केला होता का? पुढे तिनं फार आठवून पाहिलं. बहुधा तिनं काहीच विचार केला नव्हता.

दोन डॉक्टरांनी वेगवेगळं बसून ती फिल्म वाचली आणि दोघांनीही काही नाही असं लिहिलं. आठवड्यानं ताईच्या घरी पत्र गेलं. ताईनं ते शाळेत नेऊन शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवलं. "पास झाले गं," तिनं फोनवर सांगितलं. "शंभरपैकी शंभर. आता दोन वर्षं तुझं तोंड बघायला नको."

त्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक वाक्य असतं : ही तपासणी सर्व कर्करोग दाखवू शकत नाही, मधल्या काळात गाठ किंवा काही बदल जाणवल्यास वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. धाकटी हेच वाक्य रोज वीस-पंचवीस बायकांना तोंडानं सांगायची. नऊ महिन्यांनी ताईचा फोन आला. डाव्या बाजूला, काखेकडे, आत खोल काही तरी टणक लागतंय, वाटाण्यापेक्षा थोडं मोठं. तेव्हा धाकटी काय म्हणाली?

ती म्हणाली, "अगं, स्वच्छ आलंय ना गेल्या साली. या वयात असलं काही तरी येतं-जातं. परीक्षा होऊ देत तुझ्या, मग ये निवांत."

परीक्षा तीन महिन्यांनी झाल्या.

*

जुन्या फिल्म पुन्हा पाहायची बैठक गुरुवारी दुपारी असे. तिचीही एक पद्धत होती. परत आलेल्यांच्या फिल्म तीसेक साध्या, निरोगी बायकांच्या फिल्ममध्ये मिसळायच्या. दोघा डॉक्टरांना कुठली कोणाची ते सांगायचं नाही. त्यांनी नव्यानं पाहून मत द्यायचं. मग दुसऱ्या इस्पितळाची चिठ्ठी उघडून, गाठ नेमकी कुठे निघाली ते वाचायचं, आणि तीन चौकटींपैकी एकीत खूण करायची : तेव्हा काहीच दिसत नव्हतं; पुसट काही तरी होतं; दिसत होतं, पण सुटलं.

धाकटीचं काम पडद्यावर एकामागून एक फिल्म आणायचं. तिला सकाळीच मोठ्या डॉक्टरबाईंना सांगता आलं असतं. किंवा बरं नाही म्हणून घरी जाता आलं असतं. तिनं दोन्ही केलं नाही. यादीतले नऊ आकडे तिनं मुकाट्यानं फिल्ममध्ये मिसळले आणि खोलीतला दिवा मंद केला.

डॉक्टरबाई साठीच्या होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या शेजारी बसणारे डॉक्टर जाड चष्मा लावत आणि सतत लवंग चघळत. दोघं एकेक फिल्म पाहत होती, कागदावर लिहीत होती.

चौरेचाळीस सतरा आली.

ताईचे स्तन दाट होते. ज्या स्तनात चरबी जास्त असते ते चित्रात करडे दिसतात, आणि त्या करड्यावर पांढरी गाठ उठून दिसते. दाट स्तन मुळातच पांढरे दिसतात. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूनं रेघ ओढावी आणि ती दुरून शोधावी, तसं ते काम.

"दाट," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण काही नाही."

"मलाही काही दिसत नाही," चष्मेवाले म्हणाले.

धाकटीनं चिठ्ठी उघडून वाचली. स्वतःचाच आवाज तिला ओळखीचा वाटला नाही. "डावी बाजू. वरचा, बाहेरचा भाग. अगदी मागे, छातीच्या भिंतीला लागून. गाठ अडीच सेंटिमीटर. काखेतल्या अकरा ग्रंथींत पसरलेली."

"अकरा," चष्मेवाल्यांनी लवंग गालात सरकवली. "वाईट."

डॉक्टरबाईंनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पहिल्या चौकटीत खूण केली. तेव्हा काहीच दिसत नव्हतं.

"पुढची घ्या."

ती खूण खोटी नव्हती. फिल्मवर खरोखरच काही दिसत नव्हतं. कागद फाइलला लागला असता, फाइल कपाटात गेली असती, आणि या जगात कुणालाही, ताईलासुद्धा, कधी काही कळलं नसतं. धाकटीचं बोट पुढची फिल्म आणायच्या बटणावर होतं. तिनं ते दाबलं नाही.

"पुढची," डॉक्टरबाई पुन्हा म्हणाल्या.

"मॅडम, ती जागा या फिल्ममध्ये नाहीच."

"काय?"

"स्नायू बघा कुठपर्यंत आलाय. अर्ध्यातच तुटलाय. गाठ छातीच्या भिंतीला लागून होती. तो भाग पाटीखाली आलाच नाही. काहीच दिसत नव्हतं असं नाही मॅडम. दाखवायलाच आणलं नव्हतं."

चष्मेवाले पुढे वाकले. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, पडद्याशी नाक लावलं, आणि बोटानं स्नायूची पट्टी वरून खाली गिरवत आणली. बोट मध्येच थांबलं.

"खरंच की. आणि शेरा 'चांगलं' दिलाय. दाब सात." त्यांनी कोपऱ्यातली आद्याक्षरं वाचली आणि हळूच मागे टेकले. "ही तर तुमची सही."

"हो."

"तुमच्यासारख्या बाईनं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांना खरोखर समजत नव्हतं.

"ती माझी थोरली बहीण आहे."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "नियम आपण भिंतीवर लावतो ना, तो शोभेला नसतो."

"माहीत आहे मॅडम."

"एक सांगते. तो भाग आला असता तरी या पांढऱ्यात गाठ दिसलीच असती, असं मी लिहून देणार नाही."

"नसती दिसली, असंही लिहू नका."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पहिल्या चौकटीतली खूण खोडली. तीनही चौकटी मोकळ्या सोडून त्यांनी समासात लिहिलं : डावी, मागचा भाग चित्रात नाही, पुन्हा काढायला हवं होतं. धाकटीनं खाली सही केली. तीच आद्याक्षरं, तेच वळण.

"चौकशी होईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि बहिणीला कळवावं लागेल. केंद्राकडून पत्र जाईल."

"पत्राआधी मी जाते."

*

ताई खिडकीपाशी पलंगावर बसून वह्या तपासत होती. शाळेनं रजा दिली होती, पण वह्या ती मागवून घ्यायची. डोक्याला निळा रुमाल बांधलेला. हातांच्या शिरा औषधानं काळ्या पडल्या होत्या. गेल्या महिन्यात पाठ दुखायला लागली म्हणून काढलेल्या तपासणीत मणक्यावर एक ठिपका निघाला होता. ठिपका म्हणजे काय, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि घरात कुणी पुन्हा उच्चारलं नव्हतं.

भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, दार उघडलं. ते शाळेची बस चालवायचे आणि गाडीसारखंच घरातही कुणाला उगाच हॉर्न देत नसत. "ये," एवढंच म्हणून ते स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले.

"आलीस का शेपटे?" ताई म्हणाली. "हे बघ, चोवीस अधिक सतरा बरोबर चारशे अकरा. उत्तर देणारा पोरगा मोठा होऊन मंत्री होणार."

"डोकं दुखतंय का?"

"डोक्याचं बरं चाललंय. केस गेल्यापासून वर्गातल्या उवांचीही भीती राहिली नाही." ताईनं वही मिटली. "बस. तोंड का असं? मेलेय का मी?"

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. केंद्रातून निघाल्यापासून तिनं मनात पंचवीस वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

ताईनंच सुरुवात केली. "मी तुला कधीपासून विचारायचं म्हणतेय. तुझं ते यंत्र किती वेळा चुकतं? मला डॉक्टरी भाषेत नको. तिसरीच्या पोरांना सांगशील तसं सांग."

उशाशी शिवणाचा डबा होता. धाकटीनं त्यातली बटणं काढली आणि चादरीवर ओळीनं मांडली. आठ.

"समज, या आठ बायका आहेत. आठहीजणींना कर्करोग आहे, पण कुणालाच माहीत नाही. आठहीजणी आमच्याकडे येतात. साधारण सातजणींचा आम्हाला सापडतो." तिनं सात बटणं एका बाजूला सरकवली. "एकीचा निसटतो. स्तन दाट असले तर जास्त निसटतात."

"आणि ज्यांना काहीच नसतं त्या?"

"त्यांच्यातही काहीजणींना आम्ही उगाच परत बोलावतो, सुया टोचतो, घाबरवून सोडतो. आणि मग काही नाही म्हणून घरी पाठवतो."

"म्हणजे अगदीच नापास यंत्र नाही. पण शंभरपैकी शंभरही नाही." ताईनं उरलेलं आठवं बटण उचललं. पांढरं होतं, चार भोकांचं. तिनं ते तळहातावर घेतलं. "आणि ही मी. आठातली एक. असू दे. कुणाला तरी आठवं व्हावंच लागतं ना? मी उगाच मनाला लावून घेत होते, की मी तीन महिने का थांबले. मी लवकर आले असते तर, हे रोज डोक्यात. पण यंत्रालाच दिसलं नाही तिथे मी काय..."

"ताई, ते बटण दे."

"का?"

"दे ना."

ताईनं बटण दिलं. धाकटीनं ते मुठीत घेतलं आणि मूठ पाठीमागे नेली.

"आता यंत्र किती बटणं बघू शकेल?"

ताई शिक्षिका होती. मूल काही तरी सांगू पाहतंय आणि त्याला सांगता येत नाही, हे तिला लगेच कळायचं. ती वाट पाहत राहिली.

"यंत्र चादरीवरचीच बघतं," धाकटी म्हणाली. "तुझं बटण मी चादरीवर ठेवलंच नव्हतं. तू ओरडलीस आणि माझा हात ढिला पडला. पुरतं ओढलं नाही, पुरतं दाबलं नाही. गाठीची जागा फिल्मच्या बाहेर राहिली. मला दिसलं होतं तेव्हा. मी पुन्हा काढायला हवी होती. तुला पाचवा तास होता, म्हणून मी 'चांगलं' लिहून सोडून दिली. आणि फोन केलास तेव्हा मीच म्हणाले, परीक्षा होऊ देत."

स्वयंपाकघरात चहाचं भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"पुरतं दाबलं असतं तर दिसलं असतं?"

"कदाचित."

"किती कदाचित?"

"माहीत नाही ताई. कुणालाच माहीत नाही. तुझी फिल्म सगळी पांढरी आहे. दिसलंही असतं. नसतंही."

ताई खिडकीबाहेर पाहत राहिली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती, एकेक घडी घालून खांद्यावर टाकत होती. दोरी रिकामी झाली.

"मीच म्हटलं होतं, हळू दाब," शेवटी ती म्हणाली.

"तू म्हणणारच. सगळ्या म्हणतात. मी ऐकायचं नव्हतं."

"यांना सांगितलंस?"

"नाही. आधी तुला."

ताईनं हात पुढे केला. धाकटीला वाटलं ती आपला हात धरणार. पण ताईनं फक्त बटण मागून घेतलं, बाकीची सात गोळा केली, डब्यात टाकली आणि झाकण लावलं. झाकण पटकन बसेना. तिच्या बोटांत जोर राहिला नव्हता. धाकटी मदत करायला वाकली, तशी ताई म्हणाली, "राहू दे."

झाकण बसल्यावर ती म्हणाली, "आज जा तू."

"ताई..."

"जा गं. मला तुझ्यावर ओरडायचं नाही, आणि ओरडल्याशिवाय राहवणार नाही. जा."

भावजी तीन कप घेऊन दारात आले तेव्हा धाकटी चपला घालत होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आत पाहिलं, आणि बाजूला होऊन वाट दिली.

*

अकरा दिवस ताईचा फोन आला नाही. धाकटीनंही केला नाही. केंद्रात चौकशी झाली. तिला फिल्म काढण्याच्या कामावरून तीन महिने बाजूला करून नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. घाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "मी चहाला गेले नसते तर." धाकटी म्हणाली, "तरी मी तुला बाहेरच ठेवलं असतं."

बाराव्या दिवशी भावजींचा फोन आला.

"तिची उजव्या बाजूची फिल्म काढायची आहे. डावी तर ऑपरेशनात गेली. सहा महिन्यांची तपासणी. डॉक्टरांनी दुसरं केंद्र सांगितलं होतं. ती म्हणते, तुमच्याकडेच." ते थांबले. त्यांना आता सगळं ठाऊक होतं, हे त्यांच्या थांबण्यावरून कळत होतं. "आणि एक निरोप दिलाय. आत तू यायचं नाहीस. त्या घाईला काढायला सांगायचं. तू बाहेर बसून तिची पिशवी सांभाळायची."

"बरं," धाकटी म्हणाली.

मंगळवारी सकाळी ताई आली. भावजींनी तिला बसमधून उतरवून दारापर्यंत आणून सोडलं, कारण पुढे शाळेची फेरी होती. ती आणखी वाळली होती. धाकटीनं खिडकीवरून तिचं नाव लिहून घेतलं, आकडा लिहिला. तो तिला बघावा लागला नाही. ताईनं पिशवी तिच्या हातात दिली.

"या आत," घाईनं दार उघडलं. "चला, चला, पटकन."

दार बंद झालं. धाकटी बाकावर बसली. पिशवीत पाण्याची बाटली, औषधांची पुरचुंडी आणि तिसरीच्या वह्यांचा गठ्ठा होता. आतून घाईचा आवाज येत होता. "हात वर. खांदा सोडा. सोडा म्हणजे सोडा, दगडासारखा नको. आता ओढतेय हं." मग यंत्राची घरघर सुरू झाली.

"हळू गं बाई!" ताईचा आवाज.

"थांबा. अजून थोडं."

"आई गं!"

धाकटीचे पाय आपोआप जमिनीवर रोवले गेले. तिनं पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळले, एक वेढा, दोन वेढे, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"अजून," घाई म्हणाली.

"मेले गं, आई!"

धाकटी उठली नाही.

घरघर थांबली. पाटी वर गेल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दार किलकिलं करून घाईनं डोकं बाहेर काढलं. "चौदा," ती म्हणाली. "स्नायू पार खालपर्यंत आलाय." आणि पुन्हा आत गेली. फिल्मवर काय आहे ते तिनं सांगितलं नाही. ते सांगायचं काम तिचं नव्हतं. उत्तर आठवड्यानं येणार होतं.

ताई बाहेर आली ती भिंतीला धरून. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ आवळलेले. ती बाकाशी थांबली.

"तुझ्या मैत्रिणीच्या हाताला काही दयामाया नाही," ती म्हणाली.

"नाही."

"बरं झालं."

धाकटीनं पाण्याची बाटली काढून दिली. ताई दोन घोट प्याली, बाटली परत केली. पिशवी मात्र तिनं मागितली नाही. ती दरवाज्याकडे चालू लागली, आणि पिशवी घेऊन धाकटी तिच्या मागे, दोन पावलं अंतर ठेवून. ताई फार हळू चालत होती. तेवढं अंतर राखायला धाकटीला मधून मधून थांबावं लागत होतं.